दाराबाहेरचे बूट

मौसीचा खून झाला त्या दिवसापासून मी दाराला आतून साखळी लावते. ती साखळी आधीच्या भाडेकरूने बसवलेली. इतकी वर्षं मी तिच्यावरून फक्त फडकं फिरवत होते. आता येताजाता ती ओढून बघते. नवरा नुसता बघतो. मुलगी मात्र म्हणते, "ममा, इट्स क्लोज्ड. यू जस्ट चेक्ड." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये येतं. आणि तिचं बरोबरच असतं, साखळी लावलेलीच असते.

मौसी आमची नात्याची कुणी नव्हती. द हेगमधल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर गॅलरीच्या पार टोकाला एकटी राहायची. तरुणपणी सुरिनामहून आलेली. तिचे पूर्वज बिहारकडून बोटीत घालून तिकडे ऊस तोडायला नेलेले. तिची हिंदी भोजपुरी वळणाची, माझी पुण्याची. खऱ्या हिंदीवाल्याने कानावर हात ठेवावेत अशा दोन्ही, पण आमचं एकमेकींशी छान जमायचं. तिचा भाचा तिला मौसी म्हणायचा म्हणून अख्खी गॅलरी तिला मौसी म्हणायची. मधल्या दारातले डच आजोबासुद्धा.

आमची गॅलरी म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या अंगाला असलेला लांबलचक उघडा सज्जा. त्यावर ओळीने सगळ्यांची दारं आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या. एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला जिना. आमचं दार लिफ्टजवळ, मौसीचं जिन्याजवळ. त्या ओळीत फक्त दोनच घरांसमोर पादत्राणं दिसायची, आमच्या आणि तिच्या. इमारत सांभाळणाऱ्या संस्थेकडून अधूनमधून दटावणी यायची, की गॅलरीत काही ठेवू नका, आग लागली तर माणसं अडखळतील. मग आम्ही दोघी चार दिवस शहाण्यासारख्या चपला आत घ्यायचो, आणि पाचव्या दिवशी त्या पुन्हा बाहेर यायच्या.

भाचा तिशी ओलांडलेला, उंच, अंगाने आडवा. मौसीच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, आईबरोबर शहराच्या दुसऱ्या भागात राहायचा. समोर आला की हसून नमस्ते करायचा, माझ्या मुलीच्या हातावर चॉकलेट ठेवायचा. आणि कधीकधी मौसीच्या बंद दाराआडून त्याचा आवाज असा चढायचा, की मी गॅस बारीक करून कान द्यायची. दुसऱ्या दिवशी मौसी सांगायची, "बाप नाही ना त्याला. डोकं गरम आहे, मन चांगलं आहे." मी हं म्हणायची. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये असं मला शिकवलेलं होतं, आणि ते मला सोयीचंही होतं.

त्याचे बूट मी लांबून ओळखायची. मोठे, तपकिरी, टाचा दाबून चपट्या केलेले, कारण तो ते चपलेसारखे पायात सरकवायचा. ते बूट मौसीच्या दाराबाहेर असले की मी तिच्याकडे जायची नाही. पाहुणा आहे, नंतर जाऊ, असं म्हणायची.

त्या दिवशी लिफ्ट बंद होती. तुर्की दुकानातून भाजी घेऊन मी जिन्याने वर आले, म्हणून मौसीच्या दारावरून जाणं झालं. शरद संपत आला होता, गॅलरीत वारा असा की पिशव्या पायाला गुंडाळत होत्या. मेथीच्या दोन जुड्या आणल्या होत्या, त्यातली एक तिची. दार बंद, पडदा ओढलेला. दाराबाहेर तिच्या सपाता, आणि शेजारी ते बूट. भाचा आलाय, मेथी उद्या देऊ, असं म्हणून मी पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बहीण आली, आणि जिन्याच्या टोकाकडून एक ओरडणं ऐकू आलं. त्याचं वर्णन मी करणार नाही. थोड्याच वेळात अर्धी गॅलरी पांढऱ्या-लाल पट्टीने बंद झाली. पांढरे कपडे घातलेली माणसं मौसीच्या घरात जा-ये करू लागली आणि मधल्या दारातले आजोबा खुर्ची आत ओढून घेऊन दार लावून बसले. मौसीला कुणीतरी मारलं होतं. घरात मोडतोड नव्हती, कुलूप शाबूत होतं. म्हणजे दार तिने स्वतः उघडलं होतं. हे समजलं आणि माझी पाचावर धारण बसली. इतके दिवस मला वाटायचं, वाईट माणसं दार फोडून येतात.

त्याच दिवशी दोन पोलीस आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. कधी नव्हे ते मी कुणाला बूट काढा म्हणाले नाही. एक जण इंग्रजीत विचारत होता, दुसरी डचमध्ये टाइप करत होती.

"काल त्यांच्याकडे कुणी आलं होतं का?"

"हो. भाचा होता."

"तुम्ही पाहिलंत?"

"हो, जिन्याने वर येताना."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले, आणि पुन्हा विचारल्याचा मला जरा रागही आला. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, घरून, स्वतःच्या नावावर. दिवसभर हाताखालच्या नव्या मुलांना खडसावते, की काय दिसलं ते लिहा, काय असेल ते लिहू नका. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असा माझा लौकिक आहे. पोलिसाने माझा जबाब इंग्रजीत सांगून दाखवला, मी मान हलवली, सही केली. बुटांचा विषय मी काढला नाही. लपवायचं होतं म्हणून नाही. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. आपल्याकडे दारात कुणाच्या चपला दिसल्या तर आपण चपला दिसल्या म्हणत नाही, आत्या आली म्हणतो.

भाच्याला त्याच आठवड्यात अटक झाली. त्याचं म्हणणं, तो त्या दिवशी तिकडे फिरकलाच नव्हता. नवऱ्याने हे स्थानिक बातमीत वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. मला हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. आता त्याला माहीत होणार होतं, की गॅलरीतल्या कुणीतरी त्याला पाहिल्याचं सांगितलंय. आणि गॅलरीत त्याला ओळखणारी, त्या दिवशी जिन्याने वर आलेली, दिवसभर घरी असणारी बाई एकच होती.

"माझ्या ऑफिसमधल्या एकाने सांगितलं," नवरा म्हणाला, "की स्टेटमेंट वकिलाकडे जातं. वकिलाकडून त्याच्याकडे. नावासकट." तो लायडनला एका प्रयोगशाळेत काम करतो, सौम्य माणूस. पण त्या दिवशी त्याचाही आवाज कोरडा पडला होता. "तू इतकं नक्की नक्की कशाला म्हणालीस?"

"नक्की होतं म्हणून."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. ठीक काहीच नव्हतं.

त्यानंतरचे महिने मी पावलं ऐकत काढले. गॅलरीत कुणी चाललं की ते आमच्या खिडकीवरूनच लिफ्टकडे जातं, आणि मी भाजी चिरता चिरता हात थांबवायची. पार्सलवाल्याने बेल वाजवली तरी मी आधी साखळी ओढून बघायची. मुलीला शाळेत एकटीने सायकलवरून जायची नुकतीच परवानगी मिळाली होती, ती मी काढून घेतली. ती रडली, आणि वर्गातल्या सगळ्या मुली एकट्या जातात हे तिने डचमध्ये ओरडून सांगितलं. मी तिच्या मागून सायकल मारत राहिले. आरोपी तुरुंगात आहे हे मला माहीत होतं. पण भीतीला तुरुंगाच्या भिंती कळत नाहीत. त्याला मित्र असतील, चुलते असतील, आणि असलेच तर त्यांना माझं दार माहीत असेल, असं मनात यायचं.

मराठी मंडळातल्या मैत्रिणी फोनवर हळहळायच्या आणि शेवटी एकच म्हणायच्या, की आपण परक्या देशात, कशाला मध्ये पडायचं. वडिलांनी पुण्याहून ठेवणीतली म्हण काढली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी म्हणाले, "बाबा, पायरी कुठली, इथे लिफ्ट आहे." ते हसले नाहीत. मीही हसले नव्हते.

साक्षीला बोलावणं आलं तेव्हा वसंत होता. मला वाटलं होतं मोठं न्यायालय असेल, वर काळे झगे, पिंजऱ्यात तो. तसं नव्हतं. या देशात खटला उभा राहण्याआधी साक्षीदारांना एका वेगळ्या न्यायाधीशापुढे, बंद खोलीत विचारतात. तिथे जे लिहिलं जातं ते कागदावरून खटल्याच्या न्यायाधीशांकडे जातं, आणि बऱ्याचदा साक्षीदार पुन्हा कधी बोलावला जात नाही. म्हणजे एकदाच बोलायचं होतं. आरोपीच्या वकिलाने मला प्रश्न विचारायची परवानगी मागितली होती आणि ती त्याला मिळाली होती.

नवरा ट्रॅमने बरोबर आला. मुलीला शाळेत सोडून तसाच, तिच्या डब्यातली उरलेली सफरचंदाची फोड खात. इमारतीतल्या बाकावर आम्ही बसलो, आणि समोरच्या बाकावरची बाई पाहून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मौसीचंच नाक, मौसीचीच हनुवटी, फक्त जास्त थकलेली. ती मौसीची थोरली बहीण होती. भाच्याची आई. तिलाही त्याच दिवशी बोलावलं होतं, माझ्यानंतर. मांडीवरच्या पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ती माझ्याकडे एकटक बघत होती. माझ्या तोंडून निघालेल्या दोन वाक्यांनी तिचा मुलगा आत गेला होता. मी नवऱ्याच्या खांद्याआड सरकले, आणि दुसऱ्या बाजूला बघण्यासारखं काही आहे का ते शोधू लागले. भिंतीवर फक्त अग्निशामक नळकांडं होतं.

मला आत बोलावलं. नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं.

खोली एखाद्या बँकेच्या बैठकीची असावी तशी. टेबल, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा. न्यायाधीश बाई साध्या निळ्या स्वेटरमध्ये. शेजारी टाइप करणारी मुलगी. एका बाजूला सरकारी वकील बाई, दुसऱ्या बाजूला आरोपीचा वकील, माझ्याहून लहान, फार नीट भांग पाडलेला. आणि माझ्या खुर्चीजवळ दुभाषी बाई, पन्नाशीच्या, कॉटनच्या कुर्त्यात. मराठी दुभाषी मिळेल अशी मी आशाच ठेवली नव्हती. त्यांना बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"तुम्ही कुठल्या?" मी बसता बसता विचारलं.

"मला तुमच्याशी खासगी बोलता येणार नाही," त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, आणि समोर बघू लागल्या.

मराठी बाई आणि कुठल्या ते सांगत नाही. मी तेव्हा खरी घाबरले.

न्यायाधीश बाईंनी सावकाश समजावलं. आरोपी इथे नाही, पण तुम्ही बोलाल ते सगळं तो वाचेल. खोटं बोलणं हा गुन्हा आहे. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. मग देवाची शपथ घेणार की नुसतं वचन देणार, असं विचारलं. मी वचन दिलं. देवाला यात ओढायचा मला धीर झाला नाही.

सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. कधीपासून राहता, मौसीची ओळख कशी, भाचा किती वेळा यायचा. मी उत्तर दिलं की न्यायाधीश बाई ते आपल्या शब्दांत मुलीला सांगायच्या आणि ती टाइप करायची. दुभाषी बाई माझ्या कानाशी ते मराठीत सांगायच्या: मी तिला अनेक वर्षं ओळखत होते. मी त्याला तोंडओळखीने ओळखत होते. दुसरं कुणीतरी माझ्यातर्फे 'मी' म्हणत होतं, आणि ते 'मी' माझ्यापेक्षा फार शांत होतं.

मग आरोपीच्या वकिलाची पाळी आली. तो ओरडेल, बोट रोखेल अशी मी तयारी केली होती. त्याने आधी माझ्या ग्लासात पाणी ओतलं.

"तुम्ही पोलिसांना सांगितलंत, की तो त्या दिवशी तिथे होता आणि तुम्ही ते पाहिलंत. तो कुठे होता?"

"घरात."

"तुम्ही घरात गेला होतात?"

"नाही. जिन्याने वर आले, दारावरून गेले."

"दार उघडं होतं?"

"बंद."

"खिडकीतून दिसला?"

"पडदा होता."

"मग तुम्हाला तो कसा दिसला?"

मी सहज म्हणाले, "त्याचे बूट होते ना बाहेर."

दुभाषी बाईंनी ते डचमध्ये सांगितलं. टाइप करणारी मुलगी थांबली. सरकारी वकील कागदातून वर बघू लागली. त्या एवढ्याशा शांततेत मला पहिल्यांदा कळलं, की मी पोलिसांना काय सांगून बसले होते. माझे कान तापले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असं मी लोकांना म्हणते.

"तुम्ही बूट पाहिलेत," वकील म्हणाला.

"हो."

"माणूस पाहिलात?"

"नाही."

"त्याचा आवाज ऐकलात?"

"वारा होता. काही ऐकू आलं नाही."

न्यायाधीश बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि मला विचारलं, बुटांवरून तुम्ही माणूस आहे असं का म्हणालात. मला समजून घ्यायचं आहे, असं त्या म्हणाल्या, आणि खरंच तसंच म्हणत होत्या. मी सांगितलं. आमच्याकडे बूट घालून कुणी घरात जात नाही. बाहेर ज्याचे बूट, तो आत. त्यात विचार करायचा नसतो, लहानपणापासून तसंच बघतो. शाळेतून आल्यावर दारातल्या चपला बघूनच कळतं घरात कोण आलंय, आवाज द्यावा लागत नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी त्या खोलीला पटवत नव्हते, स्वतःला पटवत होते.

ते टाइप झालं. दुभाषी बाईंनी कानाशी सांगितलं: मी त्याला पाहिलं नाही. मी एक बुटांचा जोड पाहिला, आणि त्यावरून तो आत आहे असा निष्कर्ष काढला.

मला वाटलं संपलं. वकिलाने पेन खाली ठेवलं होतं. मग त्याने ते पुन्हा उचललं.

"एकच प्रश्न. तेच बूट दाराबाहेर आहेत आणि तो आत नाही, असं तुम्ही कधी पाहिलंय का?"

प्रश्न डचमध्ये आला तेव्हा मला अर्धा कळला होता. दुभाषी बाईंनी तो मराठीत सांगितला तेव्हा पूर्ण कळला. उत्तर मला माहीत होतं. मौसीचा शहराबाहेर भाजी लावायला भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा होता, इथे बरेच लोक घेतात तसा. तिथे ती लांब शेंगा आणि मिरच्या लावायची आणि भाचा खणायला यायचा. ते टाचा दाबलेले बूट त्याचे मळ्यातले बूट होते. चिखल झाला की तो ते मौसीच्या दाराबाहेर वाळत टाकायचा आणि दुसरे घालून घरी जायचा. कधी दोन दोन दिवस ते तिथेच असत. मौसी ते काठीने झोडपायची, त्याच्या नावाने ओरडायची, आणि मी हसायची. हे सगळं मला त्या दिवशी जिन्याने वर येतानाही माहीत होतं.

इकडे आड, तिकडे विहीर असं आपण उगाच म्हणतो. मी त्या खुर्चीत खरोखर तशी बसले होते. नाही म्हणाले असते तर मला कुणी खोटं पाडू शकलं नसतं. ते बूट वाळताना बघणारी दुसरी बाई मेली होती. तो आत राहिला असता आणि माझी मुलगी पुन्हा एकटी शाळेत गेली असती. हो म्हणाले तर तो कदाचित सुटेल, आणि सुटल्यावर त्याला पुरतं माहीत असेल, की न बघता बघितलं म्हणणारी बाई कोणत्या दारात राहते. आणि त्याने मौसीला मारलंच असेल तर मी त्याच्यासाठी दार उघडून देत होते. मारलं नसेल तर एक माणूस माझ्या दोन वाक्यांवर सगळा हिवाळा आत काढून बसला होता. यातलं खरं कुठलं, ते मला माहीत नव्हतं. मला फक्त बुटांचं माहीत होतं.

खोलीत कुणी घाई करत नव्हतं. घाई केली असती तर बरं झालं असतं. मी दुभाषी बाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण प्रश्न पुन्हा एकदा सांगितला, हळू आवाजात, साध्या मराठीत. आईने विचारावा तसा तो कानात आला. इंग्रजीत मी कदाचित आठवत नाही म्हणून निसटले असते.

"हो," मी म्हणाले. "बऱ्याचदा."

मग मळ्याचं, चिखलाचं, काठीचं सगळं सांगितलं. सरकारी वकिलाने एकच प्रश्न विचारला. त्या दिवशी बूट ओले होते का, चिखलाचे होते का. मी डोळे मिटून बघायचा प्रयत्न केला. वारा दिसला, पिशव्या दिसल्या, सपाता दिसल्या. चिखल दिसला नाही, कोरडेपणाही दिसला नाही. "आठवत नाही," मी म्हणाले. हे म्हणताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. माझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणे.

सगळं पुन्हा वाचून दाखवलं. मी पानापानावर सही केली. न्यायाधीश बाईंनी आभार मानले, वकिलानेही मानले. त्याचे आभार मला नको होते. दुभाषी बाई कोट घालून निघून गेल्या.

बाहेर नवरा जागेवर नव्हता. बाकावर त्याचा कोट होता आणि तो पलीकडे कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. भाच्याची आई मात्र उठून माझ्यासमोर आली, आणि मी पळून जाण्याआधी तिने माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या बाईच्या मानाने पकड घट्ट होती. मला वाटलं आता शिव्या बसणार, आणि त्या मी खाल्ल्याही असत्या.

"बेटी," ती म्हणाली, "तू ओके देखले?"

तू त्याला पाहिलंस का, एवढंच. मौसीचीच बोली, मौसीचाच आवाज. तिच्याशी बोलायची मला मनाई आहे की नाही, तेही मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "नहीं मौसी. मैंने नहीं देखा. सिर्फ जूते देखे थे." तिलाही मी मौसी म्हणाले ते बोलून गेल्यावर लक्षात आलं.

आता ती रडेल, हात जोडेल, माझ्या डोक्यावरून हात फिरवेल असं मला वाटलं. कुठल्याही आईला याहून चांगली बातमी नव्हती. तिने माझं मनगट सोडलं. चेहऱ्यावरचं होतं नव्हतं तेवढं रक्त उतरलं आणि ती बाकावर मागे बसली.

"म्हणजे सोडतील त्याला," ती म्हणाली. तिच्या बोलीत, भिंतीकडे बघत.

"माहीत नाही. बाकीचंही बघतील," मी म्हणाले.

"मला वाटत होतं, तू पाहिलं असशील, मला काही सांगावं लागणार नाही." मग म्हणाली, "माझ्या बहिणीकडे त्याला बेल वाजवायला लागायची. माझ्या घराची किल्ली त्याच्याकडे आहे."

मी तिच्याशेजारी बसले. इतके महिने मी ज्या घराला भीत होते, त्या घरात ही बाई एकटी राहत होती आणि तिची भीती माझ्याहून मोठी होती. मी निदान दाराला साखळी लावू शकत होते.

कोर्टाच्या शिपायाने तिचं नाव पुकारलं. तिने पर्स सावरली, उठली, आणि माझ्याकडे वळली.

"वकील म्हणतो, तू आई आहेस, तुला गप्प बसायचा हक्क आहे. कायदाच आहे तसा." तिने ओढणी डोक्यावर घेतली. "बसू का गप्प?"

शिपाई दार धरून उभा होता. नवरा दोन कप हातात घेऊन येत होता. मी बोल म्हणाले नाही, गप्प बस असंही म्हणाले नाही. ती आत गेली.